तात्यासाहेबांची पेटी

किस्से काही कोणी जमवायला बसत नाही. धुणं घेऊन नाल्यावर जावं, एक कानावर पडतो; धुणं वाळत घालेपर्यंत त्याला आणखी तीन येऊन चिकटतात! त्यातून माझं घर गल्लीच्या मधोमध, खिडक्या दोन्हीकडे. लोक मला भोचक म्हणतात. म्हणोत! सत्तावन्नच्या निवडणुकीचं काही आठवायचं झालं की माझ्याच ओट्यावर येऊन बसतात ना?

अमळनेर-धुळे रस्त्यावरचं आमचं गाव. तात्यासाहेब आमचे आमदार, इंग्रज होते तेव्हापासूनचे. त्यांच्यासमोर उभे राहिले आमच्या शेजारचे नाना मास्तर, शाळेच्या नोकरीचा राजीनामा देऊन! घरात चार लेकरं. मी भिंतीवरून विचारलं, "नाना, हरलात तर खाल काय?"

"वहिनी, तुमच्याकडे येऊ जेवायला. रविवारी तुमच्याकडे बट्ट्या उरतातच!"

बट्ट्या माझ्या नव्हेत, माईंच्या. माई म्हणजे तात्यासाहेबांच्या मंडळी. गल्लीच्या टोकाला त्यांचं मोठं घर. दर रविवारी साहेब येतील म्हणून माई वरण-बट्टी करायच्या, साहेब मुंबईत नाहीतर कुठल्या सभेत. दुपार टळली की डबा माझ्याकडे!

*

भांडण होतं नाल्याच्या पुलाचं. पावसाळ्यात शाळा पलीकडे आणि मुलं अलीकडे. तात्यासाहेबांनी पायाचा दगड बसवला, तोही दोनदा, प्रत्येक वेळी हार-नारळ घेऊन. पूल काही आला नाही. दगड मात्र चांगला गुळगुळीत, वर साहेबांचं नाव कोरलेलं. आम्ही त्यावर धुणं आपटायला लागलो.

माझ्या सासूबाई म्हणायच्या, "काही म्हणा, साहेबांच्या हातून गावाचं एक तरी काम झालं!"

*

प्रचाराला साहेबांची जीप आली आणि नेमकी त्याच नाल्यात रुतली. चाकं फिरतात, चिखल उडतो, साहेबांचं धोतर गुडघ्यापर्यंत भरलं. बैलजोडी आणून जीप ओढली कोणी? नाना मास्तरांनी!

साहेब अवघडून म्हणाले, "मास्तर, उपकार झाले."

नाना म्हणाले, "उपकार कसले? पूल झाला असता तर पाच वर्षांनी तरी आपली भेट झाली असती का?"

*

आधीच्या यादीत बायकांना नावंच नव्हती. 'दगडूची माय', 'बारकूची बायको', असलंच सगळं. तसल्या कितीतरी जणी मताला मुकल्या. नाना म्हणाले, "या वेळी प्रत्येकीचं नाव यादीत गेलंच पाहिजे." वही घेऊन घरोघर फिरायचं काम साहजिकच माझ्याकडे!

दगडूच्या म्हातारीला विचारलं, "आजी, नाव काय?"

"मना नाव? चाळीस वरीस कोनी हाक मारी नही, मी कशी याद ठेवू?"

दुसऱ्या दिवशी आजी मोटारीत बसून माहेरी गेली. संध्याकाळी परतली ती गल्लीच्या तोंडापासूनच ओरडत, "लिख वं बाई! मना नाव सोनी शे!"

माईंकडेही गेले. त्या म्हणाल्या, "नाव लक्ष्मी. पण साहेबांना विचारून लिहा."

"कधी विचारू?"

"घरी आले की."

मी तिथल्या तिथे लिहून टाकलं!

*

तेव्हा कागदावर शिक्का मारायचा नसे. पडद्याआड प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, तिच्यावर त्याचं चित्र. तात्यासाहेबांची छत्री, नानांची शिडी. सरकारी कागद आपल्या माणसाच्या पेटीत टाकायचा, झालं! बायकांना मीच शिकवलं, "ज्याच्या पेटीत टाकाल, ते थेट त्यालाच पोचतं. मध्ये कारकून नाही की चपराशी नाही!"

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मला वाटलं, वा, काय छान समजावते मी!

मतदानाला ही रांग! मतदान अधिकाऱ्यांनी 'सोनी' म्हणून पुकारा केला, तर आजी म्हणते, "परत म्हन भाऊ, गोड लागस!" पण पडद्याआड गेलेली बाई लवकर बाहेरच येईना. अधिकारी वैतागले, "बाई, एक कागद टाकायला एवढा वेळ?"

आतून आवाज आला, "थांबा भाऊ, दोन कामं शेतस!"

*

मोजणी तालुक्याला. आमचे हे नानांच्या बाजूने बसले होते, त्यांनीच सांगितलेलं हे सगळं. दुपारपर्यंत बरोबरीची चुरस. मग आमच्या गावच्या पेट्या आल्या. छत्रीची पेटी उचलली तर गच्च भरलेली! साहेबांच्या माणसांनी टाळ्या पिटल्या. नानांनी डोळे मिटले. शाळा सुटली ती सुटलीच, असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

पेटी टेबलावर उलटी केली. मतं मूठभर. बाकी सगळे अर्ज! 'पूल पाहिजे.' 'विहिरीला कठडा पाहिजे.' 'दोनदा कचेरीत दिला, हा तिसरा.' आमच्या बायकांनी मत नानांच्या पेटीत टाकलं आणि अर्ज साहेबांच्या! पोचतं ना थेट?

शिडीची पेटी उघडली आणि निकाल लागला. नाना आमदार झाले!

अधिकारी म्हणाले, "तात्यासाहेब, हे कागद मतं नव्हेत. तुमच्या नावचे आहेत, घेऊन जा."

साहेब खुर्चीत बसून एकेक वाचायला लागले. शेवटी एक लहानशी चिठ्ठी निघाली, कडेला हळदीचं बोट उमटलेलं. सही नाही. आमच्या ह्यांनी मान लांब करून वाचलीच: 'बट्टी गरम असतानाच चांगली लागते.'

साहेबांनी बाकीचे अर्ज नानांच्या हातात दिले. चिठ्ठी तेवढी खिशात घातली.

पुढच्या रविवारी मी दुपार टळेपर्यंत ताट मांडून बसले. माईंचा डबा काही आला नाही!