डायनामोमागचा नट

माझे वडील तीस वर्षं शाळेत भूमिती शिकवत होते. जगातली कुठलीही अडचण नीट आकृती काढली की सुटते, असं त्यांचं मत होतं. आमची गाडी मात्र कुठल्याही आकृतीत बसत नव्हती. ती दारात आली तेव्हा तिचे तीन मालक होऊन गेले होते आणि तिघांनीही ती विकल्यावर देवाला पेढे ठेवले असणार. विलायती, काळी, बोजड गाडी. आईला ती डोळ्यांसमोर नको असायची. "सवत परवडली, तिला ढकलावं तरी लागत न्हाय," असं ती वडिलांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणायची.

ही गोष्ट सत्तर सालानंतरची. मी नुकतीच मुलींच्या शाळेत शिकवायला लागले होते आणि घरातल्या प्रत्येकाला अक्कल शिकवणं हाही माझा नवा उद्योग होता.

एका रविवारी आम्ही गाडीने जोतिबाला निघालो. घाटात तिसऱ्या वळणावर बॉनेटमधून वाफ यायला लागली. मागून आलेल्या एस.टी.तून कुणीतरी ओरडलं, "ओ पावणं, बैल जुपा की!" सगळी एस.टी. हसली. आईने पदर खोचला, सरळ त्याच एस.टी.त चढली आणि एकटीच देवाला जाऊन आली. वडील आणि मी गाडीला पाणी पाजत बसलो.

संध्याकाळी वडिलांनी आम्हा दोघींसमोर शब्द दिला, "पुढच्या रविवारी आपल्या गाडीने जोतिबा झाला नाही, तर सोमवारी गाडी विकतो." वडील शब्दाला पक्के होते. दुर्दैवाने ही गोष्ट आम्हाला माहीत होती आणि त्यांनाही.

आमच्या मिस्त्रीने आठवडाभर "उद्या बघतो" म्हणत शनिवारी गाडी बघितली. फॅनचा पट्टा सैल झाला होता, म्हणून पंखा नीट फिरत नव्हता आणि पाणी उकळत होतं. डायनामोमागचा एक नट ढिला करायचा, डायनामो जरा बाहेर ओढायचा, पट्टा ताणला की नट पुन्हा आवळायचा. "पाच मिनटाचं काम हाय, मास्तर, तुम्हीच करा," असं म्हणून तो भात कापायला शाहूवाडीला निघून गेला.

पाच मिनिटांच्या कामाला आम्ही रविवारी सकाळी सहाला हात घातला. नट डायनामोच्या मागे, इंजिन आणि पत्रा यांच्यातल्या बोळकांडीत होता. समोरून वाकलं की नुसता त्याचा एक कोपरा दिसायचा. मी टॉर्च धरली होती. वडील पुढच्या बंपरवर पोट टेकून, बोटांच्या टोकांनी पाना धरून नट डावीकडे ओढत होते. पाना सुटायचा, त्यांची बोटं सोलायची, आणि ते म्हणायचे, "फक्त कोनाचा प्रश्न आहे." मी प्रयत्न केला, पण माझा हात वडिलांवर गेलाय, पंजा म्हणजे थापी. स्वयंपाकघराच्या खिडकीतून आई हे सगळं बघत होती आणि एक शब्द बोलत नव्हती. एवढी गप्प आई मी कधी पाहिली नव्हती. मला वाटलं, भांडणाची तयारी चालली असेल.

आठला शेजारचे पैलवान दूध घालायला आले. एके काळी त्यांनी आखाडा गाजवला होता, आता त्यांच्याकडे चार म्हशी होत्या. कोल्हापुरात जोर करून न सुटणारी वस्तू नसते, अशी आमच्या गल्लीची श्रद्धा होती, आणि पैलवान त्या श्रद्धेचे मुख्य पुजारी.

"एवढाच नट व्हय? सरका." त्यांनी कोपरापर्यंत शेंगतेल चोपडलं आणि पाना धरलेला पंजा बोळकांडीत दामटला. तिथे जागा नव्हती, त्यांनी ती केली. "कुठल्या अंगाला फिरवू, मास्तर?"

"सैल करायचं म्हणजे डावीकडे," वडील फळ्यासमोर बोलल्यासारखे बोलले.

पैलवानांनी दम धरला. नट फिरला! वडिलांनी टाळी वाजवली. पैलवानांनी पुन्हा दम धरला, नट पुन्हा अर्धा वेढा फिरला. तिसऱ्यांदा तो हलला नाही. मग पैलवानांनी हात बाहेर काढायला घेतला, तर तोही हलला नाही.

"मास्तर, हात अडकला की!"

अर्धा तास आम्ही त्यांना ओढत होतो. हात सुजत गेला. पैलवान गाडीवर ओणवे, तोंड लाल, आणि दारात त्यांची म्हैस दाव्यासकट येऊन मालकाची अवस्था बघत उभी. तेवढ्यात कासारीण मावशी टोपली घेऊन आल्या. देवाला जायचं म्हणून आईने त्यांना बांगड्या भरायला बोलावलं होतं. मावशींनी टोपली उतरवली, बोळकांडीत वाकून बघितलं आणि साबणाचं पाणी मागितलं.

"पैलवान, पाना टाका, हात दगडावानी करू नका. ढिला सोडा. अंगठा तळहातात घ्या. आता हिकडं न्हाय बघायचं, त्या शेवग्याकडं बघा. किती शेंगा लागल्यात मोजा."

पैलवान मुकाट्याने शेंगा मोजायला लागले. सातव्या शेंगेला मावशींनी असा काही हिसका दिला की हात सट्‌दिशी बाहेर आला आणि पैलवानांनी "आई गंऽऽ" म्हणून गल्ली गोळा केली.

"सोळा वर्साची पोर बी एवढी वरडत न्हाय," मावशी म्हणाल्या आणि पायरीवर आईच्या बांगड्या भरायला बसल्या.

वडिलांनी आणखी एकदा वाकून बघितलं. मग बादलीत हात धुतले, गाडीची किल्ली खिडकीत ठेवली आणि आईजवळ येऊन म्हणाले, "उद्या विकून टाकू. तुझं खरं होतं."

लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती. "तुझं खरं" हे शब्द त्या घरात पहिल्यांदा उच्चारले गेले. आई जिंकली होती. पण वडील परत गाडीपाशी गेले आणि आपल्या अंगावरच्या टॉवेलने पैलवानांच्या तेलाचे डाग पुसायला लागले. पत्र्यावर एक डाग नव्हता तरी पुसत राहिले. मी गाडीच्या विरोधी पक्षातली, तरी दुसरं फडकं शोधायला लागले.

मावशींनी आईच्या उजव्या हातातल्या जुन्या बांगड्या उतरवल्या होत्या. मनगट रिकामं राहू नये म्हणून दोरा गुंडाळला होता आणि पहिली हिरवी बांगडी बोटांपर्यंत आणली होती. आईने हात मागे घेतला.

"थांबा जरा मावशी. हात रिकामा हाय तवर एक काम करून येतो." आमच्याकडे बायकाही "येतो-जातो"च म्हणतात.

ती बॉनेटपाशी गेली, अंगठा तळहातात घेतला आणि हात बोळकांडीत घातला. लोणच्याच्या बरणीत जावा तसा तो आत गेला.

"पाना द्या. आणि डावीकडं न्हाय, उजवीकडं फिरवायचा."

"अगं, सैल करायचं म्हणजे..."

"जात्यावर समोरासमोर बसलेल्या बायका बघितल्यासा का कधी? खुट्टा माझ्या उजवीकडं जातो, तवा समोरचीच्या डावीकडं जातो. नटाचं तोंड मागं काचेकडं, तुम्ही उभं ऱ्हायलासा पुढं. सकाळधरनं आवळत बसलायसा."

तीस वर्षांची भूमिती बंपरपाशी उभी राहून हवेत बोट फिरवून बघत होती.

"म्हंजे वहिनी," पैलवानांनी सुजलेला हात चोळत विचारलं, "मी त्यो... आवळला?"

"व्हय. लई चांगला आवळलासा."

आता तो नुसत्या हाताने सुटणं शक्य नव्हतं. शेवटी म्हशीचं दावं सोडून पान्याच्या शेपटाला बांधलं. आईने आत हात घालून पाना नटावर घट्ट धरला आणि तिने सांगितलेल्या बाजूला पैलवानांनी, वडिलांनी आणि मी दावं ओढलं. कर्रर्र आवाज झाला, नट सुटला आणि आम्ही तिघंही अबोलीच्या वाफ्यात बसलो. म्हैस तेवढ्यात गल्लीच्या टोकाला पोचली होती. तिला आणून, डायनामो ओढून, पट्टा ताणून नट परत आवळायला दहा मिनिटं लागली. आवळण्याचा आमचा सराव झालेलाच होता.

आईच्या हाताचं ग्रीस काही निघालं नाही. मावशींनी तशाच काळ्या हातात हिरव्या बांगड्या भरल्या.

दुपारी निघालो. लागलंच तर म्हणून पैलवान दावं घेऊन मागे बसले. तिसरं वळण गेलं, चौथं गेलं. वडील रिकाम्या रस्त्याला हॉर्न वाजवत होते. मला हसू येत होतं आणि रडूही.

देवळात आईने दोन नारळ काढले.

"दोन कशाला?" वडिलांनी विचारलं.

"एक गाडी आली म्हणून. दुसरा माफीचा." तिने दुसरा नारळ पदराने पुसला. "मागच्या रविवारी एस.टी.नं आलोतो, तवा देवाला म्हणलंतं, ही गाडी जाऊ दे. आज देव देत हुता, तर मीच फिरलो. मग माफी नको मागायला?"

"म्हणजे आम्ही उलटं फिरवतोय हे तुला सकाळपासून दिसत होतं?"

"व्हय की."

"मग?"

"मग काय? 'तुझं खरं' म्हणालासा, आणि मला ऱ्हावंना."

वडिलांनी मूठभर गुलाल घेतला. मला वाटलं, गाडीला लावतील. त्यांनी तो आईच्या काळ्या हातावर टाकला.

उतरताना पायथ्याला गाडी बंद पडली. वडील उतरले, बॉनेट उघडलं आणि हातात पाना घेऊन काहीच न करता उभे राहिले. मग मागे आले, आईच्या बाजूचं दार उघडलं आणि म्हणाले, "जरा येतेस?"