गोडादऱ्याचे चढे आवाज

नाशिकहून निघालेली बस सापुताऱ्याचा घाट उतरली आणि दुकानांच्या पाट्या गुजराती झाल्या. भावाने मला एकटीलाच पुढे पाठवलं होतं. त्याच्या मुलीला, अश्विनीला, सुरतचं स्थळ आलं होतं. मुलगा प्रमोद यंत्रमागावर कारागीर, घर मूळचं खानदेशातलं. "ताई, तुला माणसं कळतात. घर बघून ये," भाऊ म्हणाला. त्या कौतुकाने मी जरा फुगलेच होते.

बसला उशीर झाला. रिक्षाने सुरतच्या गोडादरा भागात पोचले, तर प्रमोदची आई सुमनबाई दारातूनच ओरडल्या, "या ना बई! इतला उशीर?" (इतका उशीर?) पाहुणीला असं कोणी दरडावतं? मी हळू आवाजात कारण सांगितलं. त्यांनी लक्षच दिलं नाही.

जेवायला कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाची) आणि झणझणीत शेवभाजी होती. प्रमोदचे वडील आणि काका भांडावं तसे बोलत होते. मी दोनदा म्हटलं, "भाजी छान झालीय." कोणी मान वर केली नाही. तोंडाळ माणसं, मी मनात ठरवून टाकलं. तिकडचे लोक असेच असतात. 'तिकडचे' म्हणजे किती गावं, किती माणसं, हा विचार मनाला शिवलाही नाही.

जेवणानंतर सुमनबाई मला प्रमोदच्या खात्यावर घेऊन गेल्या. मागाच्या कारखान्याला इथे खातं म्हणतात. गल्लीतच मागांचा खडखडाट दातांत जाणवायला लागला. आत गेल्यावर माझा आवाज मलाच ऐकू येईना. प्रमोद हसून काहीतरी म्हणाला. मला नुसते ओठ दिसले. याच गदारोळात सुमनबाईंनी वीस वर्षं सुताच्या बॉबिनी भरल्या होत्या; घरातले पुरुषही याच कामातले.

पंधरा मिनिटांनी आम्ही बाहेर पडलो. कोपऱ्यावरच्या चहावाल्याला मी म्हटलं, "दोन चहा!"

तो दचकलाच. "अरे बेन, धीरे! हूं बहेरो नथी!" (अहो बाई, हळू! मी बहिरा नाही.)

सुमनबाईंना हसू आवरेना. मग डोळे पुसत त्या म्हणाल्या, "खरं सांगू? तुम्ही आल्यापासून तुमचं काहीच ऐकू येत नव्हतं मला. वाटलं, शहरातली बाई, तोऱ्यात आहे. मी नाही म्हणणार होते या सोयरिकीला."

"मीही," मी म्हटलं. या वेळी मुद्दाम मोठ्याने. कारणही सांगितलं. सांगताना मान खाली गेली. त्यांनी माझा हात धरून ठेवला.

परतीच्या बसमध्ये तेच डोक्यात होतं. मी ओरडले तेव्हा दोष खडखडाटाचा. त्या ओरडल्या तेव्हा मात्र दोष त्यांच्या स्वभावाचा, आणि लगेच त्यांच्या अख्ख्या मुलखाचा. पन्नाशी उलटली, असे किती जण मी दारातूनच परत पाठवले असतील?

घरी सगळं सांगितलं, माझी चूकही. अश्विनीने एवढंच विचारलं, "आत्या, मी किती हळू बोलते. त्यांना ऐकू येईल?"

"जवळ बसून बोललीस तर येईल, असं मला वाटतं. पण माझ्या वाटण्यावर जाऊ नकोस. तू स्वतः भेट."

पुढच्या रविवारी बापलेक सुरतला गेले. संध्याकाळी अश्विनीचा फोन आला. पोरगी हसत होती, आणि तिचा आवाज चांगलाच चढलेला होता.