आबांनी दिलेला शब्द

कराडजवळच्या त्या गावात सैन्यात माणूस नसलेलं घर शोधूनच काढावं लागतं. लालासाहेब स्वतः पायदळातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांचा थोरला पृथ्वीराज तीनदा भरतीला गेला आणि तिन्ही वेळा धावण्यात मागं पडला. शेवटी कुपवाडच्या एका कारखान्यात लेथवर लागला. धाकटी प्रियदर्शनी मात्र पहिल्याच खेपेला लष्करी पोलिसात निवडली गेली.

"आबा, तुमीच म्हनत हुता, आपल्या घरात परत वर्दी आली पायजे."

"पोराबद्दल म्हनत हुतो," लालासाहेब म्हणाले आणि बैलांना पाणी दाखवायला निघून गेले.

प्रशिक्षण संपल्यावर बंगळूरला झालेल्या कसम परेडला घरचं कुणीच आलं नाही. बिहारच्या मैत्रिणीचे वडील तिच्याशेजारी फोटोला उभे राहिले. पुढं दर रविवारी ती फोन करायची, "आय, आबांना दे की." "ते रानात गेल्यात," राहीबाई सांगायची, आणि मागून आबांचा खोकला स्पष्ट ऐकू यायचा.

यंदा ती लान्स नायक होऊन सुट्टीवर आली. आबा "बरं" एवढंच म्हणाले. दोन दिवसांनी विट्याचे पाहुणे तिला बघायला आले. पोह्यांच्या बश्या ठेवून ती बसतेय तोवर मुलाच्या आईनं विचारलं, "मग राजीनामा कवा देनार? लग्नाआधी का नंतर?"

प्रियदर्शनीला काही कळेना. तिनं आबांकडं पाहिलं. ते सतरंजीकडं बघत होते.

"आबांनी शब्द दिलाय आमास्नी," मुलाचा चुलता म्हणाला.

"शब्द त्यांचा असंल. नोकरी माझी हाय. मी सोडनार न्हाई."

पाहुणे पोहे तसेच टाकून उठले. गाडी वळते न वळते तोच लालासाहेब कडाडले, "चारचौघांत मान खाली घालाय लावलीस!"

"तुमी सुट्टीवर यायचा तवा अख्खी आळी एस्टीला सामोरी जायची. मी आले की तुमी रान गाठता. माझं चुकलं काय, तेवढं तरी सांगा."

लालासाहेब सतरंजी गुंडाळू लागले. मग म्हणाले, "पृथ्वीचं तोंड बघवत न्हाई मला."

पाहुण्यांसाठी कुपवाडहून आलेला पृथ्वीराज दारातच उभा होता. "माज्या नावावर खपवू नगा, आबा! ती लागली तवा कारखान्यात मी पेढं वाटलं. तुमास्नी कुनी सांगितलं, मला वाईट वाटतं म्हनून?"

आबांनी टोपी घेतली आणि बाहेर पडले. जेवायलाही आले नाहीत.

प्रियदर्शनी सुट्टी अर्ध्यावर टाकून परत निघाली. कराड स्टेशनावर पृथ्वीराजनं तिची ट्रंक डब्यात चढवून दिली. तिला रडूही येईना, नुसता संताप. जवानांशी कसं बोलायचं ते तिला येत होतं. आबांपुढं मात्र सगळं थकायचं.

"फुडल्या सुट्टीला कुपवाडला ये. खोली बारकी हाय, पन ये," तो म्हणाला.

पुढच्या सुट्टीला ती कुपवाडला गेली. राहीबाई भाकरी बांधून एस्टीनं आली आणि चार दिवस राहिली. आबा आले नाहीत.