न्हाणीघराची कडी

जुन्या घरांमधली हवा तपासणं हे तिचं काम. एका म्हाताऱ्या जोडप्याची तक्रार होती, आमचं डोकं सारखं दुखतं. ती गेली तेव्हा आजोबा म्हणाले, “ही आंघोळीला गेलीय, येईलच.”

न्हाणीघराजवळ जाताच तिच्या हातातलं यंत्र केकाटू लागलं. आत गॅसचा गिझर चालू होता. त्याच्या विषारी वायूला ना रंग, ना वास.

“आजी, कडी काढा.”

तिने दार ठोठावलं, पुन्हा हाक मारली.

“तिला कमी ऐकू येतं हो,” आजोबा म्हणाले, पण तेही दार बडवू लागले.

तिने खांद्याने दार फोडलं आणि दोघांनी आजींना ओढत बाहेर मोकळ्या हवेत आणलं. बऱ्याच वेळाने आजी पुटपुटल्या, “आधी काही पांघरायला द्या.”

तेव्हापासून स्वतःच्या घरी ती कुणालाच न्हाणीघराची कडी लावू देत नाही. नवरा हसतो, पण आत गेला की तिला ऐकू येईल असं गुणगुणत राहतो.