सलामांच्या यादीखालची चार वाक्यं

मी इंग्रजीचा मास्तर. जन्मभर मुलांच्या वह्यांतली वाक्यं खोडत आलो. तीन ओळींचं वाक्य दिसलं की हात शिवशिवायचा. लाल पेन्सिल घ्यायची, अर्धं छाटायचं, समासात लिहायचं, ‘लहान लिहा.’ पोरं वैतागायची, आणि मला मात्र वाटायचं की मी त्यांना केवढी विद्या देतोय. दीडशहाणा माणूस! एका माणसाला त्या विद्येची किंमत मोजावी लागली, आणि तो माझा विद्यार्थीही नव्हता.

आखातातल्या देरा गावात उतरलो तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो. मुंबईहून बोटीने पाच दिवस. धक्काबिक्का काही नाही. बोट समुद्रातच उभी राहायची आणि पेटी डोक्यावर घेऊन आपण छोट्या होडीत उतरायचं. पिण्याचं पाणी गाढवावरून यायचं. आमची शाळा म्हणजे दोन खोल्या आणि वर पत्रा. व्यापाऱ्यांची मुलं तिथे घाम पुसत माझ्याकडून इंग्रजी शिकायची. राहायला आम्ही नऊ जण एका खोलीत, सगळे रत्नागिरीकडचे, आमच्याच तालुक्यातले. खोलीतून खाडी दिसायची आणि खाडीत ओळीने उभी गलबतं.

त्या नऊ जणांत लिहिता येणारा मी एकटा. त्यामुळे शुक्रवारी जुम्म्याची नमाज आटोपून जेवणं झाली की माझं दुसरं दुकान उघडायचं. ‘मास्तर, यल्ला, चला, चार ओळी.’ चार ओळी कसल्या डोंबलाच्या! आमच्याकडच्या पत्रात पानभर नुसते सलाम. अमक्याच्या घरच्यांना सलाम, तमक्याच्या आईला सलाम, लहानांना दुआ. एखादं घर यादीतून सुटलं तर पुढल्या पत्रात तक्रार हजर. कारण गावात पत्र आलं की सगळी वाडी गोळा व्हायची, आपलं नाव येतं का ऐकायला. घरात वाचणारं कुणी असलं तरी रीतीप्रमाणे पोस्टमनच ओटीवर बसून मोठ्याने वाचायचा. बायकोला लिहिलेलं पत्र पन्नास माणसं ऐकायची. म्हणून त्या पत्रांत दोनच गोष्टी असत: सलाम आणि खुशाली. परदेशातून आजार लिहायचा नाही, असा आमच्यात कायदाच होता.

खोलीत एक सुतार होता. पंचेचाळिशीचा, अंगाने काटक, बोलायला लागला की थांबायचं नाव नाही. मी त्याला चाचा म्हणायचो. गलबतांच्या फळ्या बसवायच्या आणि फटींत तेलात भिजवलेला कापूस ठोकून भरायचा, हे त्याचं काम. त्याचं बोलणंही तसंच, एकही फट रिकामी राहू द्यायचा नाही. साधं ‘जेवलास का’ विचारलं तर मासा कुठून आला इथपासून सुरुवात. मी चिडवायचो, ‘चाचा, तुम्ही माझ्या वर्गात असता तर रोज छडी खाल्ली असती.’ तो खो खो हसायचा आणि मग खोकायचा.

तो खोकला हिवाळ्यात वाढला. एके सकाळी त्याने मला बाजूला घेऊन रुमाल दाखवला. रुमालावर रक्त होतं. होडीने खाडी ओलांडून मी त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टर इंग्रजीत बोलत होते आणि मी दुभाष्या. छातीचा फोटो निघाला. डॉक्टर म्हणाले, ‘क्षय आहे, पण औषधं आहेत. याला घरी पाठव. लवकर गेला, विश्रांती मिळाली, तर बरा होईल. इथे हे काम करत राहिला तर होणार नाही.’ मी सगळं चाचाला सांगितलं, शब्द न शब्द. त्या दिवशी मी चोख दुभाष्या होतो.

पण चाचाला जाता येईना. मुलीचा निकाह ईदेनंतर ठरला होता, शेजारच्या गावात. बाप मधेच खोकत, रक्त ओकत घरी आला असता तर स्थळ मोडलंच म्हणून समजा. क्षयवाल्याच्या घरची मुलगी कोण करणार? आणि बायकोला विचारावं तर पत्र पोस्टमन वाचणार. दोन शुक्रवार तो माझ्याजवळ येऊन बसला, सलाम लिहून घेतले आणि उठून गेला.

तोड मीच काढली, आणि काय फुशारकीने काढली! त्याची मुलगी नववीत होती. वाडीतून हायस्कुलात जाणारी पहिली मुलगी, तीन-चार वर्षं इंग्रजी शिकलेली. पोस्टमनचं इंग्रजी पाकिटावरच्या पत्त्यापुरतं. मी म्हणालो, ‘चाचा, सलामांच्या खाली मुलीला इंग्रजीत लिहू. पोस्टमनला वाटेल अभ्यासाचं काहीतरी आहे. ती एकटीच वाचील.’

चाचाचा चेहरा उजळला. माझे दोन्ही हात धरून म्हणाला, ‘मास्तर, तुम्हाला अल्लाने अक्कल दिली.’ आणि सांगायला लागला. डोळे मिटून, माझ्या गुडघ्यावर हात ठेवून सांगत होता. मला आजही तोंडपाठ आहे.

‘बेटी, घाबरू नको. बापाला खोकला झालाय, रक्त पडतं, डॉक्टर म्हणतो घरी जा. हे तू आईला सांग, पण घरात नको, तिला विहिरीवर एकटीला गाठ, बाकीच्या बायका गेल्या की. तिला म्हण, अब्बा विचारतात, मी काय करू? गावात येत नाही, तुझ्या लग्नाला डाग नको. पण मुंबईला उतरून तिच्या भावाकडे राहू का? तिथे इलाज होईल, गावाला कळायचंही नाही. की निकाहापर्यंत इथेच राहू? ती शहाणी आहे, ती म्हणेल तसं करतो. ये म्हटलं तर पुढच्या बोटीने निघतो. तिने काय सांगितलं ते तू मला असंच इंग्रजीत कळव. आणि तू रडू नको, तुझा अभ्यास सोडू नको…’

अजून बरंच होतं. मी ऐकत होतो आणि डोक्यातली लाल पेन्सिल चालू होती. नववीतली मुलगी, तिला एवढं कळणार का? विहीर काय, भाऊ काय! आणि बायकोला सांगायचं म्हणजे ती ऊर बडवणार, दोन दिवसांत गावभर. लग्न मोडलं की सगळ्यांचंच नुकसान. मी मनाशी ठरवून टाकलं. मला कुणी विचारलं होतं? कुणीही नाही. मी चार वाक्यं लिहिली. मी आजारी आहे. खोकल्यातून रक्त पडतं. कुणाला सांगू नकोस. तुझ्या लग्नानंतर घरी येईन.

तिसरं वाक्य मला विशेष आवडलं होतं. टेल नो वन. तीन शब्द! वर्गात फळ्यावर लिहून दाखवावं असं वाक्य.

मी इंग्रजीतच वाचून दाखवलं. चाचाने कान देऊन ऐकलं. मग कागदाकडे बघत म्हणाला, ‘मी एवढं बोललो, आणि एवढंसंच झालं?’

मी म्हणालो, ‘इंग्रजीत थोड्या शब्दांत जास्त मावतं, चाचा.’

‘असं होय,’ तो म्हणाला. त्याने कागदावरून अलगद हात फिरवला आणि पाकीट चिकटवायला दिलं.

जायला तीन आठवडे, यायला तीन. चाचा रोज माझ्या शाळेच्या दाराशी डोकावून जायचा. टपाल आलं का? नाही आलं. इन्शाल्ला येईल. काम सोडलं नव्हतं. बायको काय म्हणते ते कळल्याशिवाय सोडणार कसं? फळीवर वाकला की रुमाल तोंडाला लावायचा.

पत्र आलं. वर पोस्टमनच्या हातचं मराठी, सलाम, आंब्याचा मोहर, लग्नाची खरेदी. खाली मुलीच्या वळणदार अक्षरात इंग्रजी, एकच ओळ. फादर, आय हॅव टोल्ड नो वन.

मी ती ओळ पुन्हा वाचली. तिला सगळं समजलं होतं. मीच लिहिलेलं समजलं होतं, अगदी मुकाट्याने, चांगल्या विद्यार्थिनीसारखं.

‘काय लिहिते?’ चाचाने विचारलं.

‘बरी आहे म्हणते.’

‘आणि आई? आई काय म्हणाली?’

खरं सांगायची हीच वेळ होती. चाचा, चूक झाली, मी तुमचं अर्धं लिहिलंच नाही, आज परत लिहू, नाहीतर तुम्ही थांबू नका, पुढच्या बोटीने निघा. एवढं तोंडातून निघायला हवं होतं. पण मी मास्तर होतो ना! खोलीतले आठ जण ज्याला मास्तर म्हणतात, त्याने आपण दुसऱ्याचं पत्र खाल्लं हे कसं कबूल करायचं? मी म्हणालो, ‘आईचं काही लिहिलेलं नाही.’

त्याने पत्र माझ्या हातून घेतलं आणि खालच्या ओळीवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, ‘काही बोलली नाही, म्हणजे राहा म्हणते. तिचंही बरोबर आहे. पोरीचं बघायला नको?’ आणि उठून कामावर गेला.

पुढच्या शुक्रवारी सांगू असं मी ठरवलं. पुढच्या शुक्रवारी तो जरा बरा दिसला म्हणून टाळलं. त्याच्या पुढच्या शुक्रवारी त्याला उभं राहता येईना. आम्ही त्याला दवाखान्यात नेलं, पण उशीर झाला होता. रमजानच्या पहिल्या आठवड्यात तो गेला. शेवटपर्यंत मी त्याला सांगितलं नाही. थू माझ्या जिनगानीवर, असं मी तेव्हाही म्हणालो आणि आजही म्हणतो, पण म्हणून काय होतंय? गावाला पत्र मीच लिहिलं. त्यातही ताप आल्याचं लिहिलं. खलास.

वर्षाने रजेवर गेलो तेव्हा त्याच्या घरी गेलो. त्याची हत्यारं पोचवायची होती, पटाशी, रंधा आणि कापूस ठोकायची लाकडी हातोडी. निकाह पुढे ढकलून अखेर झाला होता. मुलगी माहेरपणाला आलेली होती. चाचीने चहा दिला. हातोडी मांडीवर घेऊन ती बसली. मुलगी दाराला टेकून उभी होती, माझ्याकडे न बघता.

‘ताप नव्हता ना, मास्तर?’ चाची म्हणाली. ‘तिथून परत आलेल्या एकाने सांगितलं मला. छातीचं होतं म्हणे.’

‘नव्हता,’ मी म्हणालो.

‘मग मला कळवायचं तरी! मी काय ओरडत सुटणार होते? माझा भाऊ मुंबईला आहे. तिथेच उतरा म्हटलं असतं. इलाज झाला असता, गावाला पत्ता लागला नसता, पोरीचं लग्नही झालं असतं. एवढी साधी गोष्ट. हे त्यांना सुचलं नाही का हो?’

चहाचा कप माझ्या हातात होता, तो मी खाली ठेवला. म्हणालो, ‘सुचलं होतं, चाची. हेच सुचलं होतं. तुम्हाला विचारायला सांगितलं होतं. मुलीला लिहिलेल्या पत्रात.’

चाचीने मान वळवून मुलीकडे पाहिलं. ‘तुला ठाऊक होतं?’

मुलगी दारापासून पुढे झाली. ती म्हणाली, ‘अब्बांनी लिहिलं होतं, कुणाला सांगू नको म्हणून.’

‘अब्बांनी नाही, बेटी,’ मी म्हणालो. ‘ते मी लिहिलं.’