अकरा रकान्यांत बसलेला कुत्रा

ज्यांनी जन्मात साधं मांजर पाळलेलं नाही, त्यांचंही फ्लॅटमध्ये कोणता कुत्रा पाळावा याबद्दल ठाम मत असतं, हे मला साठीत कळलं.

मुलगी लग्न होऊन बेंगळुरूला गेली, मी अंबरनाथच्या कारखान्यातून रिटायर झालो आणि बायको म्हणाली, "घर खायला उठतं. आपण कुत्रा आणू या." झालं. बदलापूरला कात्रपमधल्या आमच्या सात मजली बिल्डिंगमध्ये ही बातमी पसरायला एक दिवस पुरला. किराणावाल्याने पग सुचवला. भिशीतल्या बायकांनी शित्झू सुचवला, कारण त्याच्या केसांना क्लिप लावता येते. कारखान्यातल्या माझ्या एका जुन्या सहकाऱ्याने तर फोनवर सांगितलं, "साहेब, हस्की घ्या. एसी आहे ना तुमच्याकडे?" बदलापूरच्या मे महिन्यात हस्की! इथे माणसं अंगावर ओला पंचा टाकून दुपार ढकलतात, आणि यांना बर्फातलं जनावर हॉलमध्ये हवं. त्याच्या पुतण्याने खरंच घेतला होता. मी बघायला गेलो, तर बिचारा बाथरूमच्या लादीवर पोट टेकून पडला होता आणि घरातली मंडळी कौतुकाने सांगत होती की त्याला तिथेच आवडतं. मी चहा न घेता उठलो.

सगळ्यांचा शेवट मात्र एकाच वाक्यावर. "फ्लॅट आहे ना, मग छोटा घ्या." जणू कुत्रा म्हणजे कपाट, दारातून आत आलं की संपलं.

माझी सगळी नोकरी इन्स्पेक्शनमध्ये गेली. माल हातात घेऊन, मापून, कागदावर सही करायची आणि मगच तो पुढे जाऊ द्यायचा, ही माझी सवय. म्हणून मी कुणाचंही न ऐकता मोठ्या कागदावर तक्ता आखला. अकरा रकाने. उंची, वजन, केस गळणं, भुंकणं, उन्हाळा सोसणं, लहान मुलांशी वागणं, असं सगळं. पंधरा दिवस इंटरनेटवर बसून तो भरला. सगळ्या रकान्यांत पास झाला तो डॅशहुंड. बुटका, लांब, आखूड केसांचा, मांडीवर मावेल एवढा. भुंकण्याच्या रकान्यात मी "मध्यम" लिहिलं होतं, तेवढी एक चूक. तो दाराची बेल, कुकरची शिट्टी आणि टीव्हीवरच्या बातम्या देणाऱ्या बाई, या सगळ्यांवर सारखाच भुंकतो.

पिल्लू आणायला आम्ही उल्हासनगरला गेलो. सिंधी दुकानदाराने ते माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "साईं, सब अच्छा है, बस सीढी मत चढाना. कमर लंबी है इसकी, बैठ जाएगी."

"लिफ्ट है हमारे यहाँ," मी छाती काढून म्हणालो.

आजही ते वाक्य आठवलं की मला माझ्याच थोबाडीत द्यावीशी वाटते.

त्या संध्याकाळी बायकोने पिल्लू शालीत गुंडाळलं आणि आम्ही लिफ्टमध्ये शिरलो. आत आमचे चेअरमन उभे होते. तिसऱ्या मजल्यावर राहतात, आवाज कधी चढवत नाहीत, आणि त्याचाच मला जास्त राग येतो. त्यांनी पिल्लाच्या डोक्यावर हात फिरवला, "किती गोड!" म्हणाले आणि मग आरशाशेजारी चिकटवलेल्या कागदाकडे बोट दाखवलं.

"काका, रूल आहे. तुम्हाला काय सांगायचं, तुम्हाला तर माहितीच आहे."

कागदावर लिहिलं होतं, "पाळीव प्राण्यांना लिफ्टमधून नेण्यास सक्त मनाई आहे." अक्षर माझं होतं. "सक्त" हा शब्दही माझाच, आधीच्या मसुद्यात तो नव्हता.

हे सगळं सांगायलाच हवं. त्याच्या आदल्या वर्षी मी सोसायटीचा सेक्रेटरी होतो. चौथ्या मजल्यावर एक बाई एकट्या राहत, बँकेत नोकरी, आणि त्यांच्याकडे एक म्हातारा काळा लॅब्रॅडॉर होता. पावसात लिफ्टभर त्याचा वास राही. एकदा लग्नाला निघालो असताना त्याने माझ्या इस्त्रीच्या पँटला अंग घासलं. मी पुढच्याच मीटिंगमध्ये ठराव मांडला. कुणीतरी म्हणालं, कुत्रा म्हातारा आहे, तेवढ्यापुरती सूट देऊ. मी उभा राहून म्हणालो, "एकाला सूट दिली की नियम राहिला कुठे?" सगळ्यांनी माना डोलावल्या. असा नियम सोसायटीला करताच येत नाही, हे मला पुढे एका वकिलाने सांगितलं. तेव्हा ना मला माहीत होतं, ना त्या माना डोलावणाऱ्यांना.

त्यानंतर काही दिवस त्या बाई आपल्या कुत्र्याला जिन्यावरून उतरवताना दिसत. मग तो कुत्रा दिसेनासा झाला. मी चौकशी केली नाही. नियम पाळला जातोय एवढंच माझ्या लक्षात राहिलं.

आणि पिल्लू घेताना? तक्ता आखताना? खरं सांगतो, तो कागद माझ्या डोक्यातच आला नाही. आला असता तरी मी म्हणालो असतो, तो मोठ्या कुत्र्यांसाठी आहे. आपण केलेला नियम आपल्याला लागतो, हे कुणाला वाटतं?

बायको म्हणाली, "जाऊन सांगा ना त्यांना. एवढुसा जीव आहे. चूक झाली म्हणा." मी म्हणालो, मरेन पण त्या माणसाकडे सूट मागणार नाही. मीच मीटिंगमध्ये तोंड वर करून बोललेलो, आता कुठल्या तोंडाने मागू? तिने पुन्हा विषय काढला की मी वर्तमानपत्र उघडायचो. माझा हा ताठा घरात कुणालाच नवा नाही.

आम्ही राहतो सहाव्या मजल्यावर. मग सहा मजले जिना. सुरुवातीला मी त्याला उचलून न्यायचो, दिवसातून तीन वेळा. पिल्लाचं वजन वाढलं, माझे गुडघे बोलू लागले. एक दिवस मी त्याला खाली ठेवला आणि तो आपणहून टणाटण पायऱ्या चढला, वर जाऊन मागे वळून माझी वाट बघू लागला. मला काय आनंद झाला! म्हटलं, बघा, दुकानदाराला काय कळतं. शुक्रवारी दुरुस्तीसाठी लाइट गेली की अख्खी बिल्डिंग धापा टाकत जिन्यावर, आणि आमचा सगळ्यांच्या पुढे. चेअरमन कठड्याला धरून म्हणायचे, "काका, तुमचा भारी फिट आहे हो!" आणि मी फुशारून जायचो. तीन वर्षं हे चाललं. मालाची तक्रार मालच करतो, फक्त ती बघायला डोळे लागतात. तो उतरताना मधूनच थांबायचा. सोफ्यावर चढेनासा झाला. मी म्हणालो, लाडावलाय.

गणपती जाऊन चार दिवस झाले होते. सकाळी बायकोने हाक मारली, तो पुढच्या दोन पायांवर सरपटत स्वयंपाकघरात आला. मागचे दोन्ही पाय लादीवरून ओढले जात होते. तिच्या हातातलं पातेलं तसंच ओट्यावर राहिलं. ती खाली बसली आणि मोठ्याने रडली. मुलीच्या पाठवणीलाही ती अशी रडली नव्हती.

डॉक्टरने पाठ दाबून बघितली, फोटो काढले, मणक्यातली चकती सरकलीय म्हणाला. "जिने चढतो का हा?"

"हो," मी म्हणालो.

"लिफ्ट नाही तुमच्याकडे?"

बायकोने सांगितलं, "आहे. पण यांनी त्याला बंदी केलीय." डॉक्टरला वाटलं ती कमिटीबद्दल बोलतेय. तो कमिटीला दोन शिव्या देऊन पुढे म्हणाला, दीड महिना पिंजऱ्यात ठेवा, अजिबात हलू देऊ नका, गोळ्या चालू ठेवा. चालला तर चालला. नाही तर नाही.

तो दीड महिना मी सगळ्या जगावर चिडलेलो होतो. त्या "छोटा घ्या" म्हणणाऱ्यांवर, इंटरनेटवर "अपार्टमेंटसाठी उत्तम" लिहिणाऱ्यांवर, कारण अपार्टमेंट म्हणजे नुसत्या चार भिंती असं त्यांना वाटतं, जिना त्यांनी कधी बघितलाच नाही. बायको माझ्याशी कामापुरतं बोलत होती. ती रोज दुपारी पिंजऱ्याजवळ बसून त्याच्या मागच्या पंज्याला चिमटा काढायची आणि पाय आखडतोय का ते बघायची. पहिले वीस दिवस काहीच नव्हतं. मी दारातून बघायचो आणि परत फिरायचो.

अशात एक दिवस चेअरमन स्वतः वर आले. हातात लेटरहेडवरचं पत्र. "मानवतावादी दृष्टिकोनातून विशेष बाब म्हणून" आमच्या कुत्र्याला लिफ्टची परवानगी. खाली सही, शिक्का.

"आता तो चालतच नाही, म्हणजे कुणाला त्रासही नाही," ते मवाळ आवाजात म्हणाले. "कमिटीत कुणीच ऑब्जेक्शन घेतलं नाही."

मी ते पत्र त्यांच्यासमोर चुरगाळणार होतो. हात उठलाही होता. पण माझ्या लक्षात आलं, हीच भाषा, हीच "विशेष बाब", तेव्हा मी त्या म्हाताऱ्या लॅब्रॅडॉरला द्यायची नाकारली होती. या माणसाने निदान दिली. मी पत्र घडी करून खिशात ठेवलं आणि त्यांना पाणीही न विचारता दार लावलं.

दीड महिना संपला तेव्हा त्याचा उजवा पाय टेकू लागला होता, डावा ओढतच होता. डॉक्टर म्हणाला, आता रोज खाली न्या, आधार देऊन मातीवर चालवा, चालला तरच पाय परत येईल. आधार कसा द्यायचा ते मात्र आम्हाला जमेना. बायको त्याच्या पोटाखाली ओढणी धरायची, ती सरकायची, तो किंचाळायचा, ती घाबरून सोडून द्यायची.

ते किंचाळणं जिन्यात ऐकू जात असणार. बेल वाजली. दारात चौथ्या मजल्यावरच्या बाई होत्या. आमच्या घरात त्या पहिल्यांदाच येत होत्या. हातात जाड चादरीचा एक लांब पट्टा, दोन्ही टोकांना हाताने शिवलेल्या मुठी, मधे काळे केस अजून अडकलेले.

त्या माझ्याकडे न बघता लादीवर बसल्या आणि बायकोला दाखवू लागल्या. "पोटाखाली नाही धरायचं, दुखतं त्याला. इथे, मांड्यांच्या पुढे. वर नाही ओढायचं, नुसतं तोलून धरायचं." आमचा चक्क गप्प उभा राहिला. चारही पाय जमिनीवर होते.

"हा पट्टा..." बायको म्हणाली.

"आमच्या लॅबचा. तेहेतीस किलोचा होता. तुमचा हलका आहे, होईल तुम्हाला." मग त्या उठल्या आणि पहिल्यांदा माझ्याकडे वळल्या. आवाजात राग नव्हता. मला तो हवा होता, मी त्याची वाट बघत होतो. "याला दोघं लागतात हो. एकाने पुढे गळपट्टा धरायचा, एकाने मागे हा. मी एकटी होते. जिन्यात दोनदा पडलो आम्ही, मग चामटोलीला भावाच्या वाडीवर नेऊन सोडला. तिथे महिनाही नाही काढला त्याने."

त्या गेल्या. माफ करा एवढंही माझ्या तोंडून निघालं नाही.

पुढच्या मीटिंगमध्ये मी तो नियम रद्द करण्याचा ठराव मांडणार आहे, कागद लिहून तयार आहे. पण ते पुढचं. त्या संध्याकाळी बायकोने गळपट्टा धरला आणि मी वाकून मागचा पट्टा धरला. आम्ही तिघं लिफ्टमध्ये शिरलो. चौथा मजला आला तेव्हा मी मान वर केली नाही.