टाकीखालच्या पट्ट्या

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय — ते मलाही नीट कळत नाही.

शहागंजच्या मागं माझं गॅरेज होतं. दुष्काळाची वर्षं. एका पर्यटनवाल्यानं मोडीत काढलेली घरगाडी मी घेतली होती — आत पलंग, ओटा, गॅस, नळ, सगळं. वायरिंग बदललं, गॅसची नळी बदलली, पंप नवा टाकला. डोळ्यांना दिसेल ते सगळं नवं केलं.

घ्यायला आले गंगापूरकडचे भानुदासमामा. मेंढपाळ माणूस. शहर वाढत गेलं, त्यांच्या रानात प्लॉट पडले; आता चाऱ्यासाठी लांब लांब फिरणं आलं, आणि मामींचे गुडघे गेलेले. मामी पुन्हा पुन्हा नळ सोडून बघत होत्या.

"मेंढरं म्हनत्याल, मालक बंगल्यात अन् आमी उन्हात!" मामा हसले. मग हळूच म्हणाले, "टाकी तेवढी मोठी बसव गड्या. हिनं लई हंडे वाहिले."

बसवली. पलंगाशेजारी. बसवताना खालच्या लोखंडी पट्ट्यांना पेचकस लावून पाहिला — आरपार गेला. गंजून पापड झाला होता त्यांचा. बदलायच्या तर ओटा, पलंग, सगळं उचकटायला हवं होतं. मी भोकांत लांबी — पत्र्याची भोकं बुजवायची पुट्टी — भरली. वरून काळा रंग मारला.

टँकर आला की आपल्याकडं कुणी वाटीसुद्धा रिकामी ठेवत नाही — हे काय मला माहीत नव्हतं? मामा टाकी काठोकाठ भरणारच होते.

त्याच उन्हाळ्यात टाकी भरून निघालेली गाडी खड्ड्यात आदळली. पट्ट्या तुटल्या, टाकी कलंडली — आत खाली बसलेल्या मामींच्या पायावर. पाय काढावा लागला.

पण मला सांगायचंय ते हेही नाही. त्यानंतरचं.

दवाखान्यात गेलो. मामींचे भाऊ मामांना वाटेल ते बोलत होते. मामी भिंतीकडं तोंड करून पडलेल्या. मामांनी मला पाहिलं, उठून जवळ आले. "काय चुकलं रं?" खरंच विचारत होते ते. आणि मी — सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "मामा, जुन्या गाडीत एवढं पानी भरत्यात व्हय?"

मामांची मान खाली गेली. "व्हय," म्हणाले, "माझंच चुकलं."

त्यांनी ते खरं मानलं. मामींनीही. पुढं घरात दोघांचं बोलणंच तुटलं, असं कानावर आलं. मामा तसेच गेले — तोवर कितीतरी वेळा सांगता आलं असतं. नाही सांगितलं. भीती होती? होती. पण मामा हयात असताना होती तेवढी आज नाही, तरी मी कुठं गेलोय?

मामी गंगापूरला आहेत. मामांनी पाणी जास्त भरलं नव्हतं, पट्ट्या सडल्या होत्या आणि ते मला ठाऊक होतं — हे त्यांच्यासमोर, त्यांच्या भावांसमोर उभं राहून सांगणं माझ्याकडं राहिलं आहे.